चौदाव्या चुलीचा धूर

पापाने काढलेली लाकडाच्या वाट्याची शेवटची चिठ्ठी वाईट निघाली. ओढ्यापलीकडचा उतार, अकरा बीचची झाडं, आणि खाली यायची वाट अशी की बकरीनेही दोनदा विचार करावा. मार्चच्या सभेत त्याने टोपीत हात घातला, कागद उलगडला, डोळ्यांजवळ नेला आणि शेजारी बसलेल्या तुल्योला दिला. तुल्योने वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. पापाही हसला. "मला काय, मी थोडाच चढणार आहे," म्हणाला. एप्रिलमध्ये गेला.

मे महिन्यात रानवाल्यांनी झाडं पाडली, बुंध्यांवर लाल रंगाने १४ लिहिलं आणि ती तशीच पडून राहिली. सान मार्तीनोच्या सणाच्या आत लाकूड घरी आणायचं, नाहीतर ते पुन्हा गावाचं. नीवेसने जून जाऊ दिला, ऑगस्टही जाऊ दिला. एकटीने करायचं म्हटलं असतं तर झालं असतं. आजवर केलंच होतं. पण या वर्षी तिने भावाची, जेलिंदोची, वाट पाहिली.

जेलिंदो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आला. प्रादेल गावातले अर्धे लोक जर्मनीत आइस्क्रीम विकतात. थंडी पडली की दुकानाला कुलूप लावतात आणि पक्ष्यांच्या अगदी उलट, ऊब सोडून बर्फाकडे येतात. चौदाव्या वर्षी जेलिंदो काकाच्या दुकानात भांडी घासायला कासेलला गेला होता. आता सहासष्टचा. नीवेस त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. ती कुठेच गेली नाही.

"वाट तीच आहे का अजून?" पहिल्या सकाळी बूट बांधताना त्याने विचारलं.

"वाटेला कुठे जायचंय," नीवेस म्हणाली.

*

गावाच्या चोपडीच्या पहिल्या पानावरून, जुन्या अक्षरात:

धूर निघतो ते घर. धूर निघत नाही ती भिंत.

ज्या घराला धूर, त्याला रानात वाटा, कुरणात वाटा, सभेत आवाज. मोजणी सान मार्तीनोच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला. मोजणाऱ्याने दारात उभं राहून विचारावं, चूल कोणाची. तीनदा विचारावं. उत्तर आतून यावं, विस्तवाजवळून. एका चुलीला एक नाव. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर चूल विझली असं लिहावं. विझलेली चूल पुन्हा पेटत नाही.

चूल बापाकडून मुलाकडे जाते.

आणि त्याखाली निळ्या बॉलपेनने, याच मार्चमधलं: मुलीकडेही जाऊ शकते. (एका मताच्या फरकाने मंजूर.)

*

पहिले तीन दिवस फक्त फांद्या.

नीवेस मशीन करवत धरायची, जेलिंदो फांद्या ओढून बाजूला करायचा. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत डाव्याच्या दीडपट जाड होता. बावन्न उन्हाळे गोठलेलं दूध खरवडून खरवडून झालेला. तो हात कुऱ्हाडीला मात्र परका झाला होता. दुपारपर्यंत तळव्याला फोड आले. त्याने खिशातून रुमाल काढून गुंडाळला, ती बघत नाही असं पाहून.

"पापाचे हातमोजे आहेत पिशवीत," ती करवत बंद करून म्हणाली.

"नकोत."

"बरं."

थोड्या वेळाने त्याने ते घातले. मोज्यांची बोटं पापाच्या बोटांसारखी वाकलेलीच राहिली होती, आतून कोणीतरी कुऱ्हाड धरल्यासारखी. त्याला त्यांत बोटं घालताना अवघड गेलं.

उतारावर पानांचा गुडघाभर थर होता. पाय टाकला की आधी पानं, मग ओल, मग दगड. खालच्या वळणावर जुनी पाण्याची टाकी दिसायची, देवदाराच्या खोडातून कोरलेली, आता कोरडी. लहानपणी लाकडाच्या दिवसांत तिथे बारा-पंधरा घरांची माणसं जेवायला बसत. प्रत्येक घराचा मक्याचा पोलेंता वेगळ्या फडक्यात. कोणाचा जाड दळलेला, कोणाचा बारीक, आणि त्यांच्या स्वतःच्या मम्माचा नेहमी थोडा करपलेला. एकमेकांचा चाखून बघायचे आणि नावं ठेवायचे. करपलेल्या कडेसाठी पोरांची भांडणं होत.

"इथे बसायचो आपण," जेलिंदो म्हणाला.

"तू बसायचास. मी पाणी आणायची."

तो हसला. मग हसणं थांबवून टाकीकडे बघत राहिला.

*

घराबद्दल.

तीन वर्षांपूर्वी सरकारने घरं ऊबदार करायची योजना काढली. खर्चाच्या एकशे दहा टक्के सरकार परत देणार. तुल्यो बारमध्ये म्हणायचा, देवसुद्धा शंभरच देतो, हे रोमवाले देवाच्या पुढे गेले. जेलिंदोने कासेलहून फोनवर सगळं ठरवलं. माणसं आली, भिंतींना बाहेरून पांढऱ्या पाट्या चिकटवल्या, खिडक्या बदलल्या, अंगणात पंख्याची पेटी बसवली. स्वयंपाकघरातली लोखंडी चूल काढली, भिंतीतलं भोक बुजवलं, धुरांड्याच्या तोंडावर पत्रा ठोकून सिमेंट फासलं. कागदावर लिहिलं होतं की उघडं धुरांडं म्हणजे उघडी खिडकी. कागदावर सही जेलिंदोची.

घर खरंच ऊबदार झालं. नीवेसने ते कधी नाकारलं नाही.

पापा मात्र सकाळी उठला की खुर्ची ओढून रेडिएटरसमोर बसायचा आणि तळवे पुढे धरायचा. मग हात मागे घेऊन तळव्यांकडे बघायचा. "ताप आल्यासारखं गरम आहे," म्हणायचा. "आत कोणी नाही."

लोखंडी चूल त्याने भंगारवाल्याला दिली नाही. गोठ्यात ठेवली, गायी नसलेल्या. लाकडाची चिठ्ठी दर वर्षी काढत राहिला. नीवेस लाकूड आणायची, फोडायची, आणि दोघं मिळून घराभोवती रचायची. खिडकीच्या खाली, जिन्याच्या कडेला, सालपट आत, चीर बाहेर. जाळायला कुठे नव्हतं. तीन वर्षांची लाकडं तशीच वाळून खणखणीत झाली होती. रस्त्याने जाणारे मिलानचे पर्यटक थांबून त्यांचे फोटो काढत.

आणि मोजणीचं काय? अकरा नोव्हेंबरला पापा सज्जात खुर्ची टाकून पाइप ओढत बसायचा. रस्त्यावरून तुल्यो वर बघायचा. तोच मोजणारा, त्याचा बापही मोजणारा.

"चूल कोणाची?" तुल्यो विचारायचा.

पापाला ऐकू यायचं नाही. मागे उभी नीवेस पापाचं नाव सांगायची, "ओलिंतोची."

तुल्यो धुराकडे बघायचा, मग चोपडीकडे. "धूर तर धूर," म्हणायचा आणि लिहायचा.

*

दुसरा शुक्रवार. पाऊस. काम नाही. नीवेसने खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी ठेवलं.

"हे काय?"

"घेवड्याचा दाणा."

"ते दिसतंय मला."

"पापाच्या कोटाच्या खिशात होता. शवपेटीत त्याला घालायचा म्हणून कोट झटकला, तेव्हा पडला."

"मार्चच्या सभेतला?"

"दुसरं कुठे घेवडे वाटतात?"

"एक पांढरा, एक काळा देतात. एक मडक्यात टाकायचा."

"आणि दुसरा खिशात घालून घरी न्यायचा. हा उरलेला."

"पांढरा उरला."

"हो."

"म्हणजे काळा टाकला त्याने."

"मुलीला चूल नको, असं टाकलं."

"नीवे, त्याला दिसत नव्हतं."

"तुल्योला विचारलं होतं त्याने, पांढरा कुठला. तुल्योने हातावर बोट ठेवून दाखवला. मग त्याने तो नीट खिशात ठेवला. तुल्योनेच सांगितलं मला, मी खोदून विचारल्यावर."

(बाहेर पन्हळीतून पाणी. अंगणात पंख्याच्या पेटीची घरघर.)

"मला फोनवर म्हणाला होता."

"काय?"

"चूल गेली की पोर सुटेल. मी धरून ठेवली, म्हणाला, आता लाकडं धरून ठेवतील. जाऊ दे तिला कुठे जायचं तिथे."

"आणि हे तू आत्ता सांगतोस."

"तू दाणा आत्ता दाखवलास."

"पन्नास वर्षं त्याच्यासमोर बसून पोलेंता खाल्ला मी. एकदा तरी विचारायचं होतं. नीवे, तुला जायचंय का."

"काय म्हणाली असतीस?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"मग आता चूल कशाला हवी तुला? तो सोडवून गेला."

"तुला कशाला हवी?"

"पणजोबा आहेत चोपडीत. आजोबा आहेत. त्यांच्याखाली पापा. त्याखाली..."

"तू."

"तिकडे दुकानाच्या पाटीवरसुद्धा अजून काकाचं नाव आहे, नीवे. गिऱ्हाइकं मला काकाच्या नावानेच हाक मारतात. मी दुरुस्त करत नाही. कुठेतरी माझं असावं."

"आणि तुझ्यानंतर?"

"पोरगा येईल कधीतरी. तोबियास."

"तो दुकानातसुद्धा येत नाही म्हणालास."

"येईल."

"फेब्रुवारीत चुलीमागे एक माणूस बर्फ काढायला द्यावा लागतो. तेव्हा तू कुठे असतोस?"

"दुकान उघडत असतो. तुला माहीत आहे."

"चोपडीत लिहिलंय, गेल्या फेब्रुवारीत ओलिंतोने दोन दिवस बर्फ काढलं. सत्त्याऐंशी वर्षांचा ओलिंतो. सगळ्या गावाने मला फावडं घेऊन बघितलं. शेवटी तुल्योने मला गरम वाइन दिली आणि ओलिंतो म्हणून लिहिलं. तीस वर्षं असंच."

"कोणी तुला नावं ठेवली का त्याबद्दल?"

"नावं ठेवायला आधी नाव लागतं, लिंदो."

*

शनिवारी जेलिंदोने स्वयंपाक केला. उन्हाळाभर दुकानात उभा राहिलेला माणूस घरी आला की त्याला पातेल्यापाशी उभं राहायला आवडतं. घेवड्याचं सूप, डुकराच्या सालीचा तुकडा घालून, मंद आचेवर. आच कसली, काचेच्या पाटीवरचा लाल गोल.

नीवेस वरून आली आणि खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं.

"इथला दाणा कुठे गेला?"

"कुठला?"

"लिंदो."

जेलिंदोने डाव पातेल्यात फिरवला. "मी मूठभर पांढरे भिजवले होते. एक कट्ट्यावर दिसला. पडला असेल म्हणून टाकला."

"तुला माहीत होतं तो कुठला."

"शिजवताना माणूस घेवड्याचा विचार करतो, मतांचा नाही."

तिने पातेल्यात वाकून पाहिलं. पन्नास-साठ दाणे, सगळे फुगलेले, सगळे सारखे. तिला राग यायला हवा होता. झालं भलतंच. ती हसू लागली, पापासारखी, खांदे हलवत, आवाज न करता. जेलिंदोने आधी तिच्याकडे संशयाने बघितलं, मग तोही हसला.

दोघं समोरासमोर बसून जेवली, प्रत्येक घास जरा सावकाश चावत. कोणाच्या पोटात गेला ते कळलं नाही.

*

सोमवारी ओंडके खाली आले.

पानं ओली असली की लाकूड आपोआप घसरतं, फक्त दिशा द्यावी लागते. नीवेसने लोखंडी आकडा ओंडक्याच्या डोक्यात मारायचा, हिसका द्यायचा आणि बाजूला व्हायचं. ओंडका पानांमधून जनावरासारखा धावत खाली टाकीपाशी जाऊन थांबायचा. बाजूला कधी व्हायचं हेच खरं काम. जेलिंदोला ते आठवत होतं, त्याच्या पायांना आठवत नव्हतं. तो प्रत्येक वेळी अर्धा क्षण आधी उडी मारायचा आणि ओंडका वाकडा जायचा.

"घाबरू नको. त्याला तुझ्यात रस नाही," नीवेस म्हणाली.

"लहानपणी मी तुला शिकवलं होतं हे."

"चांगलं शिकवलंस. म्हणून तर मी अजून जिवंत आहे."

तिसऱ्या प्रहरी, नववा बुंधा निघाला तेव्हा, जेलिंदोच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. तो पानांत बसला तो बसलाच. पाय सरळ होईनात. नीवेसने त्याचे बूट काढले, टाचा छातीशी धरल्या आणि बोटं त्याच्याकडे वाकवून दाबली. सहासष्ट वर्षांचा माणूस डोळे मिटून रानात पाठीवर पडला. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. नीवेसला ते दिसलं आणि उगाचच उर्सुलाचा, त्याच्या बायकोचा, राग आला. मग वाटलं, तिलाही उन्हाळाभर उभंच राहावं लागत असेल.

"लहानपणी तुझे पाय पण असेच धरायचो," तो म्हणाला. "मम्मा दवाखान्यात होती तेव्हा. तुला रात्री गोळे यायचे."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. पुढच्या फेब्रुवारीत मी गेलो. गाडीत बसलो तेव्हा मनात तेच होतं, आता हिचे पाय कोण धरणार."

तो फेब्रुवारी मात्र तिला आठवत होता. चौकात रांगेने उभ्या गाड्या, टपांवर बांधलेल्या पेट्या, हॉर्न वाजवत एकामागोमाग निघालेल्या. आणि चर्चच्या पायऱ्यांवर मागे राहिलेली पोरं, सगळ्यांना एकसारख्या लोकरीच्या टोप्या, नन बायकांनी विणलेल्या. शेवटची गाडी वळली की इतकं शांत व्हायचं की छपरावरून बर्फ घसरलेलं ऐकू यायचं.

तीनचाकी आपेत पुढे एकालाच जागा. म्हणून नीवेसने भावाला मागे लाकडांवर बसवलं, दोरीला धरून, पाय लांब करून, आणि गाडी गावातून काढली. दुसरा रस्ता नव्हता. बारबाहेर पाच जण उभे होते. पाचही जर्मनीहून परतलेले, पाचही त्याचे शाळासोबती.

"नीवेस," एकाने विचारलं, "हा पण चौदा नंबरचा का? लाल रंग कुठे लावलाय?"

"ओला आहे अजून," दुसरा म्हणाला. "दोन वर्षं वाळवावा लागेल."

जेलिंदोने टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार केला, राजासारखा. ते हसले, तोही हसला. आरशात नीवेसला दिसलं, बार मागे पडल्यावर त्याने टोपी पुन्हा घातली ती डोळ्यांपर्यंत ओढून.

*

मंगळवारी सकाळी शेवटचे दोन बुंधे आणले. लाकूड घरी पोचलं. उरली चूल.

गोठ्यातून ती आणायला गोल ओंडके खाली घालून ढकलावी लागली. तिच्या पोटात उंदरांनी घर केलं होतं आणि पापाच्या तंबाखूची एक रिकामी डबी होती. स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर जेलिंदो घण घेऊन उभा राहिला. भिंत पांढरी, गुळगुळीत, अजून नवी.

"तपासणीला कोणी आलं तर?" नीवेसने विचारलं.

"सूप देऊ."

त्याने घण मारला. गिलाव्याचा पांढरा भुगा उडाला, दह्यासारखा. मग सिमेंट, मग जुनी वीट, आणि मग एकदम काळं भोक. त्या भोकातून वास आला. तीन वर्षं कोंडलेली काजळी, धुरवलेलं डुकराचं मांस, ओली लोकर, करपलेला पोलेंता. जेलिंदोने घण खाली ठेवला आणि भोकाजवळ तोंड नेऊन श्वास घेतला, पाणी पितात तसा.

पाऊस पुन्हा लागला. छपरावर चढण्यात अर्थ नव्हता.

"उद्या सकाळी पत्रा काढतो," तो म्हणाला. "तुल्यो आपल्याकडे साडेअकराला येतो ना?"

"नेहमी साडेअकराच."

"मग वेळ आहे. मी खाली येऊन बसतो चुलीपाशी." थोडं थांबून, "मी उत्तर देतो, नीवे."

नीवेस चुलीच्या नळीला माती लिंपत होती. तिने सांध्यावर अजून एक थर दिला.

*

दोघांनाही जे सुचलं नाही ते हे.

साडेअकरा ही वेळ होती एकसष्ट चुलींची. तुल्योचा बाप वरच्या आळीपासून निघायचा, दर दारात एक घोट ग्रापा, एक भाजलेलं चेस्टनट, एक तक्रार, आणि चौदा नंबरला पोचेपर्यंत चर्चची बाराची घंटा व्हायला आलेली असायची. आता चोपडीत एकोणीस चुली उरल्या होत्या. वरच्या आळीत धूर तीन घरांना. गेली तीन वर्षं बापलेक सज्जात पहाटेपासूनच बसत, त्यामुळे तुल्यो कधी आला हे कोणी घड्याळात पाहिलं नव्हतं.

या वर्षी तो नऊला दहा मिनिटं कमी असताना कोपऱ्यावर आला.

*

सान मार्तीनोचं ऊन पडलं होतं, नोव्हेंबरातलं ते चार दिवसांचं उसनं ऊन. छपरावरून वाफ निघत होती. जेलिंदो धुरांड्याला एका हाताने मिठी मारून दुसऱ्या हाताने पत्र्याखाली पहार घालत होता. तीन बाजू सुटल्या, चौथी सुटेना. आत नीवेसने वर्तमानपत्राचे बोळे केले होते, बारीक ढलप्या रचल्या होत्या. तीन वर्षं थंड पडलेलं धुरांडं आधी कागदाने तापवावं लागतं, नाहीतर धूर उलटतो. तिला ते माहीत होतं. तोंड वर उघडं आहे असं समजून तिने काडी लावली.

धूर वर गेला, पत्र्याला लागला आणि परत आला. चुलीच्या दारातून, नळीच्या सांध्यातून, सगळीकडून. स्वयंपाकघर पांढरं झालं.

आणि दारातून आवाज आला. "चूल कोणाची?"

नीवेसचे डोळे गळत होते. तिला तुल्यो दिसला नाही, भाऊ आठवला नाही, घड्याळ दिसलं नाही. धूर होता, तो आवाज होता, ती तारीख होती. तिच्या तोंडाने जे इतकी वर्षं केलं तेच केलं.

"ओलिंतोची."

बाहेर चोपडीची पानं उलटल्याचा आवाज.

तुल्यो दाराला खेटून हळू म्हणाला, "नीवेस, ओलिंतो एप्रिलमध्ये गेला. मीच खांदा दिला. हे मी लिहू शकत नाही." मग पुन्हा मोजणाऱ्याच्या आवाजात, जरा जड होऊन, "चूल कोणाची?"

दोनदा झालं.

तिला बोलायचं होतं. जिभेवर काय आणायचं तेच कळेना. स्वतःचं नाव तिने पोस्टात सांगितलं होतं, दवाखान्यात सांगितलं होतं, पण या प्रश्नाला ते कधी जोडलं नव्हतं. आणि भाऊ म्हणाला होता, मी उत्तर देतो. खोकला आला. तिने चुलीच्या कडेला हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. खरी आच होती. आत कोणीतरी होतं.

वर पत्रा कुरकुरला. करकर, करकर, मग एक मोठा आवाज, आणि पत्रा छपरावरून घसरत अंगणात पंख्याच्या पेटीवर जाऊन आदळला. चुलीतली ज्योत एकदम उभी राहिली, जणू कोणी वरून दोरी ओढली. धूर नळीत वळला.

आणि त्याच वाटेने, धुराच्या उलट, नळीतून, काजळीतून, पोकळ आणि जवळचा, जेलिंदोचा आवाज खाली आला.

"नीवे."

ती चुलीपाशी वाकली.

"तुझं नाव सांग. मी उतरेपर्यंत तो जाईल."

"शिडी लाव ना पटकन," ती नळीला म्हणाली.

मधे थोडा वेळ गेला. छपरावरच्या माणसाला शिडीपर्यंत पोचायला लागतो तेवढा. शिडीचा आवाज मात्र आला नाही.

"पाय धरलेत माझे," नळी म्हणाली. "सांग तुझं."

त्याचे पाय खरंच धरले होते की नाही, हे तिने पुढे कधी विचारलं नाही.

"तिसऱ्यांदा विचारतो," तुल्यो दारातून म्हणाला. तो विचारत नव्हता, वाट बघत होता. त्याने चष्मा काढून पुसला, पेन झटकलं, आकाशाकडे बघितलं. तसं करायचं चोपडीत कुठे लिहिलेलं नव्हतं. मग नाइलाजाने, "चूल कोणाची?"

"नीवेसची," नीवेस म्हणाली.

हळू आलं ते. तिने पुन्हा म्हटलं, उंबऱ्याबाहेर जाईल एवढ्याने.

तुल्यो लिहू लागला आणि अडला. "इथे 'चा मुलगा' छापलंय," तो म्हणाला. "नाव, मग बापाचं नाव, मग 'चा मुलगा'. सगळ्या ओळींत. खोडू?"

"खोड."

"पुढच्या वर्षी नवीन छापून घेऊ."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आत्ता खोड."

त्याने खोडलं. जाड निब होती, कागद जरा फाटला. वर त्याने लहान अक्षरात लिहिलं, वाचून दाखवलं, आणि आत येऊन न बोलावता बसला. चुलीला आधी पाठ केली, मग हात केले. "ही बरी," म्हणाला. नीवेसने त्याला ग्रापा ओतली. तिचा हात काळा होता, पेल्यावर पाचही बोटं उमटली.

वरून खोकल्याचा आवाज येत होता. धुरांडं आता चांगलं ओढत होतं, आणि जेलिंदो अजून त्याच्या कडेलाच बसला होता, धुराच्या वाटेत.

"नीवे," नळीतून आवाज आला, "जरा कमी कर ना. डोळे जातायत माझे."

नीवेसने चुलीचं दार उघडलं. तीन वर्षं वाळलेलं, पापाने शेवटच्या दिवसांत हाताने फिरवून फिरवून रचलेलं एक लाकूड आत सरकवलं. मग अजून एक.

"बाजूला सरक," ती नळीला म्हणाली.